दोस्ताच्या गालावरचा तीळ

हे लिहिणारच नव्हतो, पण राहवेना.

फोटो स्टुडिओत दोघे दोस्त कामाला. एक काउंटरवर, दुसरा आत कॉम्प्युटरवर लोकांचे डाग-मुरुम पुसायला. काउंटरवाल्याच्या गालावर तीळ होता आणि येणाऱ्या सगळ्या मुली त्यावर फिदा. आतल्याचा नुसता जळफळाट. दिवसभर त्याचा डोळा त्या तिळावरच.

एकदा त्याने दोस्ताचा जुना आणि नवा फोटो स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावला आणि खूश होऊन हाक मारली, "ए हिरो, बघ! तुझा तीळ पसरलाय. कडा वेड्यावाकड्या, अर्धा काळा, अर्धा तपकिरी. गेली तुझी शान! जा, दाखव डॉक्टरला."

दोस्त चिडला, पण गेला. काही दिवसांनी कामावर आला तो गालावर पट्टी लावूनच.

"मेलानोमा निघाला. त्वचेचा कॅन्सर," तो म्हणाला. "वेळेत सापडला, काढून टाकला. डॉक्टर विचारत होते, घरच्यांनाही दिसलं नाही, मग हे पाहिलं कुणी? म्हटलं, माझ्यावर जळणारा एक आहे."

आतल्याने दोस्ताचा हात घट्ट धरला.



"जन्मभर जळेन तुझ्यावर. शब्द देतो."