आजोबांना यंत्र जमेना

"कार्ड उलटं धरलंय तुम्ही, आजोबा," बाई म्हणाल्या.

"पुन्हा?" आजोबांनी कार्ड फिरवलं. आता ते आडवं झालं. यंत्राचा लाल दिवा लागला. "बघा! डूख धरून आहे हे माझ्यावर."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी पुस्तक खिडकीतून आत घेतलं आणि स्वतःच नोंदवून दिलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, देवघेवीच्या त्या खिडकीवर बाईंची उभी हयात गेली होती. उन्हाळ्यात पुस्तकं नोंदवायची यंत्रं आली आणि खिडकीपुढची रांग आटली. मुलं यंत्रापुढे पुस्तक धरायची, टिंग वाजलं की पसार. ग्रंथपाल मॅडम भल्या, पण त्यांनाही वरून विचारणा होत होती. एकदा त्या खिडकीशी येऊन अवघडून म्हणाल्या, "हे सत्र बघू. इथे कुणी फिरकतच नसेल, तर तुम्हाला गावाबाहेरच्या गोदामात पाठवावं लागेल. माझाही नाइलाज आहे हो."

बाईंचं घर विद्यापीठाच्या फाटकासमोरच होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला. दुपारच्या सुट्टीत त्या धावत जायच्या, त्याला भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि तशाच धावत परत यायच्या. गोदामातून हे कसं साधणार? मॅडमना त्यांनी तेवढंच विचारलं.

"मी येत जाईन की इथे," मागून कुणीतरी म्हणालं. गावात नव्याने राहायला आलेले एक आजोबा होते. बाहेरचे वाचक म्हणून नुकतंच नाव घातलं होतं त्यांनी. "मला काही ते यंत्र जमायचं नाही."

आणि खरंच जमेना. बाई शिकवून शिकवून थकल्या. आजोबा शहाण्या मुलासारखी मान डोलवायचे आणि भलतंच बटण दाबायचे. एकदा तर त्यांनी कार्डाऐवजी चष्म्याचं घरच यंत्रावर टेकवलं. मुलं फिदीफिदी हसली, तशा बाई भडकल्या. "घरी आजोबांनाही असंच हसता का रे?"

हळूहळू ते बागेतल्या मित्रमंडळींनाही घेऊन येऊ लागले. "आमच्यासारख्या ढ गड्यांसाठी ही खिडकी आहे म्हणून बरं," असं मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, मॅडमच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं.

सत्र संपलं तेव्हा खिडकीपुढे पुन्हा रांग लागत होती. मॅडमनी वर कळवून टाकलं, खिडकी राहणार आणि बाईही राहणार. त्या दुपारी बाईंनी नवऱ्याला भरवता भरवता ही बातमी सांगितली. त्याने नुसता त्यांचा हात धरून ठेवला. परतायला उशीर झाला, पण कुणी काही बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात यंत्रांच्या कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला. बाईंनी त्याला हळूच बाजूला घेतलं.

"एक विनंती होती. ते आजोबा बघा. बिचाऱ्यांना तुमचं यंत्र काही केल्या जमत नाही. त्यांच्यासारख्यांसाठी काहीतरी सोपं करा ना."

इंजिनिअरने वळून पाहिलं. आजोबा यंत्रापुढे डोकं खाजवत उभे होते. त्याने घाईघाईने शर्ट सारखा केला.

"सरांना जमत नाही?" तो म्हणाला. "अहो बाई, हे यंत्र सरांनीच बनवलंय."