धर्माजीची पारख

बेल्ह्याच्या बाजारात धर्माजीने जबडा उघडून बघितल्याशिवाय कुणी बैल घेत नसे. गालाच्या आत पांढरा, चिघळलेला चट्टा दिसला की तो तोंडावर सांगायचा, "पावणं, दावं सोडा. ह्यो बैल पोळा बघत न्हाई." आजवर त्याचा शब्द खोटा ठरला नव्हता.

घरी मात्र दुधात कुस्करल्याशिवाय त्याला भाकरी गिळवत नव्हती. बायको, साळुबाई, मागं लागायची. "शाळेत दाताचं डॉक्टर आल्यात, फुकाट तपासत्यात. तोंड दावून या की."

गालात तंबाखूचा बार धरून धर्माजी हसायचा. "मला काय बाजारात इकायचाय व्हय, दात बघाया?"

आज तंबाखू थुंकली, तर सोबत रक्त पडलं. लोकांच्या जनावरांच्या तोंडात मनगटापर्यंत हात घालणाऱ्या या शहाण्याने पहिल्यांदाच स्वतःचा गाल फाकवला आणि दारातल्या मोटारसायकलच्या आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय दिसलं ओ?" साळुबाईने विचारलं.

धर्माजीने तिच्याकडं मान वळवली नाही.

"साळू, औंदा पोळा कधी हाय गं?"