प्यादेमात

"अण्णा, तुमचा या महिन्याचा अहवाल ऐका. चाळीस डाव. सुरुवात उत्तम, मधला खेळ माझ्यापेक्षाही भारी. आणि एकोणीस डाव हातात आलेले असताना वेळ संपून हरलात. का, ते सांगू?"

"सांग," वडील मिरजेहून फोनवर म्हणाले.

"वजिरानं सरळ मात दिसत असताना तुम्ही प्यादी सरकवत बसता."

"वजिरानं मात कुणीही देतं. खरा मान प्यादेमातीचा."

"ऑनलाइन कोण मान देतंय? तिथे नुसतं घड्याळ पळतं." त्यांच्या ज्येष्ठांच्या संघाची प्रशिक्षक मीच, त्यामुळे बाकीच्यांची बोलणीही मीच खात होते. "आत्ता माझ्याशी दहा मिनिटांचा डाव खेळा. आजही वेळ संपून हरलात, तर संघातून नाव काढणार."

बत्तिसाव्या चालीला मी पुरती अडकले. अण्णांना वजिरानं एका चालीत मात देता येत होती आणि त्यांच्या घड्याळात अठरा सेकंद होते. मग बारा. मग सहा. शेवटी त्यांनी शांतपणे एक प्यादं पुढे सरकवलं. एक सेकंद उरला.

आता मी कुठलीही चाल केली असती, तरी एका सेकंदात त्यांचं बोट पोचलं नसतं. मी कपाळाला हात लावला आणि हार मान्य करायचं बटण दाबलं.

फोन चालूच होता. अण्णा कडाडले, "हे काय केलंस? पुढच्याच चालीला प्यादेमात होती. डाव असा मध्येच टाकून उठायला शिकवलं का मी तुला? चल, पुन्हा मांड."