साहेबांच्या चेंडूजवळ

शेषेरावांचा चेंडू पुन्हा बाभळीपाशीच पडला. कलेक्टर साहेबांचा बराच पुढे गेला होता, आणि चन्नबसप्पांचा त्याच्या शेजारी. ते दोघं बोलत बोलत निघाले. शेषेराव एकटेच बाभळीकडे गेले.

गोल्फमध्ये ज्याने त्याने आपल्या चेंडूपर्यंत चालत जायचं असतं. ज्याचा चेंडू साहेबांच्या चेंडूजवळ, त्याला साहेबांबरोबर चालायला मिळतं. आणि नव्या जिल्ह्याचा कारभार चालता चालताच होत असे. कचेरीत साहेब सह्या करत; ऐकून घेत ते इथे. मध्येच कोणी धावत जवळ गेलं तर म्हणत, "आपल्या चेंडूकडे जा. खेळाला शिस्त असते."

गटविकास अधिकारी शेषेरावांना एकच वाक्य बोलायचं होतं : टाकळवाडीला टँकर द्या. कागद कधीच वर गेला होता आणि 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली आला होता. चर्चेची जागा ही.

जागाही टाकळवाडीचीच. औसा रोडवरचा गावचा तलाव दुष्काळात आटला, सपाट तळ उघडा पडला आणि जिल्ह्याला आयतं मैदान मिळालं. हिरवळ नव्हती. पण अरबस्तानातही असंच खेळतात, असं साहेब म्हणाले, आणि अरबस्तान न पाहिलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

"काठी लई आवळून धरता तुमी," सुभेदार मारोतराव शेषेरावांना म्हणाले. ते उमरीचे. सिकंदराबादच्या छावणीत खेळ शिकलेले, म्हणून साहेबांनी अधिकाऱ्यांना शिकवायला त्यांना नांदेडकडून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "फाईल दाबून ठेवल्यागत नका धरू. हात ढिला सोडा. कंबर फिरवा, खांदा आपसूक येतो."

"सुभेदार, कंबर ऱ्हाऊ द्या हो," चन्नबसप्पा म्हणाले. जिल्ह्यात फिरणारे बहुतेक टँकर त्यांचेच होते. "माणसात खोट न्हाई, मालात हाय. रावसाहेब, ही बघा, हैदराबादहून आणलीय. नवीकोरी. त्या जुन्या दांडक्यानं जलमभर बाभळच गाठताल."

"नवी वहाण घातली म्हून लंगडा पळतो व्हय?"

"आन् तुटक्या वहाणेनं धडधाकट तरी किती पळल?"

साहेब हसले. "द्या त्यांना तुमची, चन्नबसप्पा. बघू कोणाचं खरं."

शेवटचा डाव होता. दुसऱ्या दिवशी साहेब महिनाभराच्या ट्रेनिंगला निघणार होते.

साहेबांनी मारला. चेंडू तलावाच्या मधल्या खडकापाशी थांबला. मग चन्नबसप्पांनी मारला. त्यांचा थांबला हातभर अलीकडे, नेहमीसारखा. सुभेदारांना जे शिकवता येत नव्हतं आणि हैदराबादेत जे विकत मिळत नव्हतं, ते हे हातभर.

शेषेरावांनी नवी काठी घेतली. हात ढिला सोडला. मनातल्या मनात वाक्य एकदा म्हणून घेतलं : साहेब, टाकळवाडीला टँकर. मग कंबर फिरवली.

टण्कन आवाज झाला. चेंडू बाभळीवरून गेला, खडकाजवळ बरोबर साहेबांच्या चेंडूपाशी टेकला आणि शेषेरावांनी पहिलं पाऊल उचललं.

पण चेंडू थांबला नाही. तळ तव्यासारखा भाजून निघालेला. अडवायला ना गवताची काडी, ना ओलीचा पत्ता. तो उड्या घेत, मग घरंगळत, पार तलावाच्या दुसऱ्या टोकाला दिसेनासा झाला.

"बघा, खांदा!" सुभेदार ओरडले.

"काठी म्हना, काठी!" चन्नबसप्पा म्हणाले.

जमिनीचं नाव कोणी घेतलं नाही.

साहेब आपल्या चेंडूकडे बघत होते. मग त्यांनी दूरवर पाहिलं. "बरेच पुढे गेलात, शेषेराव," ते म्हणाले. "जा. तुम्हाला लांब चालायचंय."

"साहेब, ते टाकळवाडीचं जरा..."

"आधी चेंडू."

आणि ते चन्नबसप्पांबरोबर निघाले.

तलावाच्या त्या टोकाला गावातल्या बायकांनी तळ खणून झिरा काढला होता. कंबरभर खड्डा, बुडाशी थाळीएवढं पाणी. घागरी रांगेत ठेवून बायका उन्हात बसलेल्या. गुणाबाईची पाळी होती. ती खड्ड्यात उतरून वाटीवाटीनं घागर भरत होती, आणि आता थांबली होती, कारण चेंडू पाण्यात पडून पाणी गढूळ झालं होतं.

शेषेराव वाकले.

"हात नका घालू," ती म्हणाली. "आजून गढूळ व्हतंय."

तिने वाटी अलगद बुडवून चेंडू वर काढला. वाटीतलं पाणी परत झिऱ्यात सोडलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग चेंडू त्यांच्या हातावर ठेवला.

"टँकरचं काय झालं, साहेब?"

"मोठ्या साहेबांशी बोलायचंय अजून."

गुणाबाईने उभं राहून खड्ड्याच्या कडेवरून पाहिलं. "त्ये खडकापाशी हायत, त्येच का?"

"हो."

"मग बलवा की हिकडं. झिरा तरी बघतील."

शेषेरावांनी वळून पाहिलं. साहेब चन्नबसप्पांच्या खांद्यावर हात ठेवून जीपकडे चालले होते.

"त्यांचा चेंडू इथवर येत नाही, मावशी," ते म्हणाले.