तिसरी हाक

"लक्ष्याऽ म्हणायचं, काकी. समुद्राकडे बघून, लांबच्या माणसाला मारतो तशी हाक," विनोदने पुन्हा एकदा समजावलं आणि हँडीकॅम डोळ्याला लावला.

भर दुपार. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटी लागलेली, पाणी पार लांब गेलेलं. विनोद समुद्राकडे पाठ करून ओल्या वाळूत उभा, समोर शुक्री काकी. बाकी चिटपाखरू नाही. कॅमेरा जुना, कॅसेटचा, वाणगावच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याने अडगळीत टाकलेला. सगळं जग मोबाइलवर व्हिडिओ काढतं, पण याचा हट्ट, पिक्चर काढीन तर याच्यावरच. त्याच्या गावची, गंजाडची पोरं त्याला येडा म्हणायची. म्हणेनात का!

पिक्चर होता समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचा. तशी बाई शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या शुक्री काकीचा नवरा हाल्या गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला तीन वर्षं झाली. बोट परतली, हाल्या नाही. प्रेत नाही, निरोप नाही. मेलेल्याला वाटेला लावायचं काज घाला म्हटलं, की काकी अंगावर यायची. जित्या माणसाचं काज घालता का, म्हणायची. हातातल्या बांगड्या तिने उतरवल्याच नाहीत.

त्यांच्या पाड्यावर काजाच्या वेळी मेलेल्याला नावाने तीन हाका मारायची रीत. मेलेला ओ देतो, जिता देत नाही. तिसऱ्या हाकेला तो घरी येतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर विनोदने पिक्चरसाठी लक्ष्या हे खोटं नाव काढलं होतं.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. काकीने छाती भरून हाक मारली.

"हाल्याऽऽ!"

विनोदच्या अंगावर काटा आला. या बाईने आजवर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिथेच थांबवायला हवं होतं. पण आवाज असा लागला होता की गडी मोहात पडला. अशी हाक कुठली नटी मारणार? तेवढ्यात कानावरच्या हेडफोनमध्ये, लांब पाण्यावरून, कुणीतरी ओ दिली.

त्याने हेडफोन काढून पाहिला. नुसता वारा. असेल कोणी मच्छीवाला, अशी मनाची समजूत घातली, हेडफोन परत कानावर चढवला आणि मधे दुसरा आवाज आला, परत घेऊ, असं काकीला सांगितलं. इथेच चुकला. पिक्चरवाल्यांची खोडच ती, चांगलं झालेलंही परत घ्यायचं.

दुसऱ्या हाकेला हेडफोनमधली ओ जवळून, वाळूवरून आली. आवाज ओळखीचा. लहानपणी याच आवाजाने त्याला ताडगोळे खायला बोलावलं होतं.

विनोदने हेडफोन कानावरून ओढून काढला. आता त्याला पिक्चर नको होता, काही नको होतं. काकीला हे कळू नये, एवढंच हवं होतं. तीन वर्षं ती ज्या आशेवर जगली, ती आपल्या हौसेपायी मोडायची? स्वतःचीच लाज वाटली त्याला.

"बॅटरी संपली, काकी," तो म्हणाला. "चला घरी."

काकीने जळत्या लाल दिव्याकडे पाहिलं. ती रडली नाही, रागावली नाही. हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि वाळूवर ठेवल्या. मग पदर सारखा केला आणि तिसरी हाक मारली. ही लांबच्या माणसाला मारतात तशी नव्हती. जेवायला बोलावतात तशी, हळू होती.

हेडफोन विनोदच्या हातात होता. तरी ओ ऐकू आली, अगदी मानेमागून. मागच्या वाळूत पाणी निथळत होतं.

काकी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"सरक जरा, विनोद," ती म्हणाली. "काकाला वाट दे."