याहून दणकट

"याहून दणकट रायफल दे. यंदाही मूस हरीण जखमी होऊन पळालं, तर शिकारीच्या गटातून हाकलतील मला." टोरगाइर दरवर्षीसारखाच रायफल बदलायला माझ्या बंदुकांच्या दुकानात आलेला. त्याला बंदुका विकून विकून मीच थकलो होतो. "बाबा रे, हत्ती मारायचाय का तुला?" तरी सर्वांत मोठी रायफल उचलली, त्याला मागच्या मैदानावर नेलं आणि खटका सरकवून हातात दिली. "मार त्या लाकडी मूसला." त्याने नेम धरला, धक्क्याच्या भीतीने डोळे मिटले, अंग चोरलं, चाप ओढला. नुसतं खट्ट झालं. नळी मात्र जमिनीकडे झुकली होती. मी मूठ उघडली. गोळी माझ्याकडेच होती. "म्हणजे ती सगळी जनावरं…" त्याने झुकलेल्या नळीकडे पाहिलं. दुकानात परतल्यावर मी भिंतीवरून त्यानेच पूर्वी मला परत विकलेली लहान रायफल काढली. "ही अजून विकली नाहीस?" "गिऱ्हाईक यायचं होतं."