चौथा ठिपका

घरातल्या गाड्या आणि फोन कुठे आहेत ते कळावं म्हणून लेकीने भर दुपारी माझ्या फोनवर तीन ॲप लावून पाहिली. दोन तिने नापास केली. "आई, हे घे. यात गाडीही दिसते आणि माणूसही," असं म्हणून ती कॉलेजला गेली.

तिचा, माझा आणि धाकट्या दिरांचा, असे तीनच नंबर आम्ही घातले होते. नकाशावर ठिपके चार होते. चौथ्यावर ह्यांचं नाव होतं.

हे गाडीसकट धरणात गेले, त्याला वर्ष झालं. फोनही सापडला नाही. ब्रेक गेलेत हे मेकॅनिकने दिरांना आदल्याच दिवशी सांगितलं होतं. दिरांनी ते पोटात ठेवलं आणि किल्ली भावाच्या हातात दिली. हे मेकॅनिकनेच मला नंतर सांगितलं; पोलिसांसमोर मात्र त्याने कानांवर हात ठेवले.

चौथा ठिपका धरणातून निघाला आणि रस्त्याला लागला. दिरांची गाडी घाटात होती. तो तिच्यामागे गेला, तिला गाठून तिच्यातच मिसळला.

लगेच दिरांचा फोन आला. गाडीचा आवाज येत होता.

"वहिनी, मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय. पाणी ठिबकतंय. वळून बघू का?"

घाटात नजर रस्त्यावरून काढू नका, एवढं मी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

"बघा की, भाऊजी," मी म्हणाले. "सख्ख्या भावापासून तोंड काय लपवायचं?"